गुन्हेगार जमातींचा कायदा व आपला समाज

तुरुंगांत आपले लोक अधिक का, असे विचारणाऱ्यांनी प्रथम कायदा वाचावा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यासही लागू झाला. सरकारने जमातीस गुन्हेगार ठरविले की त्याविरुद्ध न्यायालयात दाद नसे. मग बोटांचे ठसे, हजेरी आणि सोलापुरास तारेच्या कुंपणातील सेटलमेंट! १९२४ च्या कायद्यान्वये ठरावीक गुन्ह्यांत अशा जमातीचा इसम दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास सामान्यतः किमान ७ वर्षे कैद. तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. तुरुंग भरले ते असे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. पोलिसांचा संशय मात्र जमातीस चिकटूनच राहिला. संपूर्ण जमातीस सराईत गुन्हेगार मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. मुक्तीनंतर ७२ वर्षांनी!