कानातला ‘मोती’ : कोलेस्टिअटोमाची गोष्ट

‘डॉक्टर, कानात गाठ म्हणजे कॅन्सर का हो?’ लहान मुलाचा रिपोर्ट घेऊन आलेल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. रिपोर्टवर लिहिलेले असते कोलेस्टिअटोमा. नाही, हा कॅन्सर नव्हे. कोलेस्टेरॉलशीही याचा संबंध नाही. घोळ नावाचा आहे.

१८२९ मध्ये फ्रान्सच्या क्रूवेलिए यांनी पांढऱ्या चकाकीवरून याला ‘मोत्यासारखी गाठ’ म्हटले होते. १८३८ मध्ये जर्मनीच्या योहानेस म्युलर यांनी हे चरबीशी जोडलेले नाव दिले आणि तेच टिकले. (मला विचाराल तर मोतीच बरा होता.) खरे तर ही असते साधी त्वचा, फक्त चुकीच्या जागी. अंगावरच्या त्वचेचे मृत थर गळून पडतात. कानाच्या पडद्याआड ते साचत राहतात, गाठ फुगते आणि शेजारचे हाड झिजवते. तिथे ऐकण्याची तीन इवली हाडे आहेत, चेहऱ्याची नस आहे आणि जरा वर मेंदू.

पूर्वी असा कान मेंदूपर्यंत पू पोहोचवून जीव घेई. १८७३ मध्ये जर्मनीतच श्वार्ट्झे यांनी कानामागचे हाड छिन्नीने उघडून पू काढण्याची पद्धत मांडली. जीव वाचवणे हाच तेव्हा हेतू. ऐकू येण्याचा विचार नंतरचा. १९५० नंतर ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपचा वापर वाढला, व्हुलस्टाइन आणि त्स्योल्नर यांनी पडदा व हाडांची साखळी दुरुस्त करण्याचे शास्त्र उभे केले.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. काहींमध्ये ही गाठ जन्मजात असते. पडदा शाबूत, कान वाहत नाही, दुखत नाही; आत फक्त पांढरा ठिपका. १९६५ मध्ये डर्लाकी आणि क्लेमिस यांनी तिचे निकष ठरवले, त्यात ‘आधी कानाचा संसर्ग कधीच झालेला नसावा’ अशीही अट होती. पण कानाचा संसर्ग कोणत्या मुलाला होत नाही? १९८९ मध्ये लेव्हनसन यांनी अटी सैल केल्या.

म्हणून मूल हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, किंवा कान घाण वासाचा वाहत असेल, तर कानतज्ज्ञांकडून पडदा नीट पाहून घ्या. गाठ दिसली तर सीटी स्कॅन करून ऑपरेशन करतात. थेंबांनी ती विरघळत नाही. मुलांमध्ये ती परत येऊ शकते, त्यामुळे पुढे काही वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते. आणि कानात गरम तेल घालू नका.