बैलगाडा शर्यती : अहमदनगर जिल्हा

ठराविक लांबीच्या सरळ मार्गावरून बैलांनी ओढलेला हलका गाडा कमीत कमी वेळात पार नेण्याची ग्रामीण स्पर्धा. महाराष्ट्रात तिचे प्रदेशपरत्वे निरनिराळे प्रकार रूढ आहेत. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत दोन बैलांच्या छकड्यांच्या शर्यती होतात. रायगड जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत गाड्या पळवितात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व खेड हे तालुके आणि त्यांच्या शेजारचा अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) पारनेर, संगमनेर व अकोले तालुक्यांचा पश्चिम पट्टा येथे ‘घाटा’तील बैलगाडा प्रसिद्ध आहे. हौशी शेतकऱ्यांचा हा खेळ एके काळी जवळजवळ बिनखर्ची होता. शेतीतून बैल मागे पडत गेला, तसतसा तो महाग होत गेला. मध्यंतरी काही वर्षे कायद्याने बंदही राहिला. त्याचा इतिहास म्हणजे जिल्ह्याच्या कृषिजीवनातील स्थित्यंतराचा एक भाग होय.

स्वरूप : येथे घाट याचा अर्थ गावालगतच्या चढावर तयार केलेली सरळ धावपट्टी असा आहे. तिच्या दोन्ही अंगांना प्रेक्षकांसाठी उंचवटे असतात. गाडे एकामागून एक सोडले जातात व प्रत्येक धावेस ‘बारी’ म्हणतात. गाड्याला सामान्यतः चार बैल असतात. दोन गाड्याशी जुंपलेले व दोन त्यांच्या पुढे. बैलांना दिशा व वेग मिळावा म्हणून अनेक घाटांत बारीच्या पुढे घोडीस्वार धावतो. निशाण पडताच वेळ मोजण्यास प्रारंभ होतो आणि बहुधा दहा ते पंधरा सेकंदांत बारी संपते. निकाल सेकंदाच्या अंशांवर ठरत असल्यामुळे साध्या घड्याळांची जागा पुढे विरामघड्याळांनी व अलीकडे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. सर्वांत कमी वेळ नोंदविणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. भंडाऱ्याची उधळण, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी आणि ध्वनिक्षेपकावरील समालोचन ही या शर्यतींची परिचित अंगे होत. छकड्यांच्या शर्यतीत अनेक गाड्या शेजारच्या पट्ट्यांतून एकाच वेळी पळतात. घाटात मात्र प्रत्येक गाड्याची स्पर्धा घड्याळाशी असते.

पूर्वस्थिती : जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो. या कोरडवाहू मुलखात नांगरणी, कुळवणी, पेरणी, मोट व वाहतूक ही सर्व कामे बैलांवर अवलंबून होती. चांगली बैलजोडी ही शेतकऱ्याची प्रतिष्ठा आणि पतही असे. १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध झालेल्या दख्खनच्या दंग्यांची झळ पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांना लागली होती व त्यापाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. अशा काळात बैल गमावणे म्हणजे शेती गमावणे होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकऱ्याच्या उपजीविकेस आवश्यक असलेली जनावरे जप्तीतून वगळली, यावरूनही बैलाचे स्थान लक्षात येते.

शर्यतींचा हंगाम कृषिचक्राशी निगडित होता. रब्बीची सुगी आटोपत आली, की पौषापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा भरत. याच काळात बैलांना कामातून उसंत मिळे. पारनेर तालुक्यातील पिंपळगाव रोठा येथील कोरठण खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा या प्रकारच्या जत्रांपैकी एक होय. जत्रेचा खर्च लोकवर्गणीतून भागे आणि बक्षीस म्हणून मानाचा फेटा, नारळ, भांडी किंवा थोडी रोख रक्कम मिळे.

शर्यतीसाठी वेगळे जनावर पाळावे लागत नसे. औताचा बैलच घाटात पळे. त्याचा कडबा शेतातला असे आणि गाडा गावचा सुतार व लोहार बलुत्याच्या व्यवहारात करून देत. एका घरी चार बैल नसले, तर दोन शेतकरी आपापल्या जोड्या एकत्र करीत. शेतीकामात परस्परांचे बैल वापरण्याची ‘सावड’ ही रूढ पद्धत होती. शर्यतीत तिचाच अवलंब होई. त्यामुळे अल्पभूधारकासही या खेळात सहज स्थान मिळे.

स्थित्यंतर : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही परिस्थिती पालटली. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरा खोऱ्यात बागायती शेती आधीच रुजली होती. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे मुळा, कुकडी, घोड या प्रकल्पांमुळे उसाचे क्षेत्र विस्तारले. मोटेची जागा तेलावरील व विजेवरील पंपांनी आणि नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. उसाच्या वाहतुकीत बैल टिकून राहिला. परंतु त्या कामास लागणारा बैल ताकदीचा व सोशिक असतो, तर घाटातील बैल चपळ असावा लागतो.

१९७० नंतरच्या दशकांत वाढलेला दुग्धव्यवसाय हेही या बदलाचे एक प्रमुख कारण होय. राज्यातील दूध उत्पादनात हा जिल्हा आघाडीवर आला तो मुख्यतः संकरित गाईंच्या बळावर. होल्स्टीन व जर्सी संकरातून झालेल्या नर वासरांना वशिंड पुरेसे नसते व उष्णता सोसत नाही, त्यामुळे ती ओढकामास फारशी उपयोगी पडत नाहीत. गोठ्यात देशी गाय न राहिल्यामुळे घरचा खोंड मिळेनासा झाला. अकोले तालुक्याच्या पावसाळी डोंगराळ भागातील डांगी ही स्थानिक जात चिखलातील कामासाठी उत्तम असून राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. परंतु ती संथ आहे. शर्यतीसाठी माणदेशातील खिल्लार जातीस पसंती असते. हे बैल पांढुरके, लांब शिंगांचे, चपळ व काहीसे बुजरे असतात. म्हणजे शर्यतीचा बैल आता बाजारातून विकत आणणे भाग पडले. जिल्ह्यातील लोणी, घोडेगाव, काष्टी, वाळकी येथील जनावरांचे बाजार प्रसिद्ध असले, तरी जातिवंत खोंडासाठी शौकीन दक्षिणेकडील बाजारांपर्यंत जाऊ लागले.

राज्यातील गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सु. १.५५ कोटी होती. २०१९ मध्ये ती सु. १.४० कोटींवर आली. १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमातील दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात आल्यावर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. तेव्हापासून थकलेल्या बैलाची बाजारातील किंमत जवळजवळ नाहीशी झाली व त्याला अखेरपर्यंत पोसण्याचा भार मालकावर आला. वारंवारच्या दुष्काळांनी तो आणखी जड केला. २०१८–१९ च्या टंचाईत जिल्ह्यात मोठ्या संख्येने चारा छावण्या उघडाव्या लागल्या.

कायदेशीर वाटचाल : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाच्या बाविसाव्या कलमान्वये, प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांची सूची करण्यात येते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने तीत बैलाचा समावेश झाला व त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने शर्यतींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही मनाई उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी कायम केली. बैलाची शरीररचना शर्यतीस अनुकूल नाही, तो भीती व वेदना यांमुळे पळतो, असे न्यायालयाने म्हटले. शेपटी पिरगळणे, आसूड ओढणे, आर लावलेली पराणी टोचणे, विजेचा झटका देणे यांसारखे प्रकार प्राणिहितवादी संस्थांनी न्यायालयापुढे मांडले होते.

७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने दिलेली सवलत पाचच दिवसांत स्थगित झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मूळ अधिनियमात दुरुस्ती केली व तीस राष्ट्रपतींची संमती मिळाली. या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने शर्यतीस मुभा दिली आणि बैलास वेदना दिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली. तथापि त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने परवानग्या रोखल्या गेल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त मोकळीक दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या आणि नियमांच्या काटेकोर पालनाची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली.

बंदीच्या काळात अनेकांनी बैल विकले. शर्यत हेच खिल्लार जातीच्या संवर्धनाचे साधन आहे व ती थांबल्यास जात क्षीण होईल, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. विरोधकांच्या मते, संवर्धनासाठी जनावराला पळविणे आवश्यक नाही. हा वाद न्यायनिर्णयानंतरही पूर्णपणे मिटलेला नाही.

२०२१ नंतर : शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांचे अर्थकारण पार बदललेले होते. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथील शर्यतीत जेसीबी यंत्र, मोटार, ट्रॅक्टर व दुचाकी अशी बक्षिसे ठेवण्यात आली. अशा मैदानांमागे बहुधा राजकीय पुढारी व व्यावसायिक पुरस्कर्ते असतात. गावाच्या वर्गणीवर भरणारी जत्रा त्यांच्यापुढे फिकी पडते. नामांकित बैलांचे व्यवहार लाखो रुपयांत होऊ लागले. २०२२ च्या उत्तरार्धात लम्पी चर्मरोगाच्या साथीमुळे जनावरांचे बाजार व शर्यती काही काळ पुन्हा बंद ठेवाव्या लागल्या आणि या गुंतवणुकीतील जोखीमही दिसून आली.

आज गाडामालकास खोंडाची किंमत मोजावी लागते आणि तो घाटात उतरेपर्यंत काही वर्षे त्याला सांभाळावे लागते. सरकी पेंड, हरभरा, उडीद, दूध, अंडी असा खुराक, निगराणीसाठी माणूस, गावोगावी नेण्यासाठी टेम्पोचे भाडे आणि पशुवैद्यकाचा खर्च हे सर्व त्यात मिळवावे लागते. आयोजकांवरही भार पडतो : २०१७ च्या नियमांनुसार पंधरा दिवस आधी अर्ज, ५०,००० रुपयांची अनामत, बैलांची वैद्यकीय तपासणी आणि संपूर्ण शर्यतीचे चित्रीकरण या बाबी आवश्यक ठरल्या, धावेचे अंतर कमाल १,००० मी. ठरविण्यात आले. हे नियम जनावराच्या हिताचे आहेत. परंतु लहान गावास ते पेलणे कठीण जाते. यातून मार्ग म्हणून चार-पाच मित्रांनी किंवा भाऊबंदांनी मिळून बैल घेण्याची पद्धत वाढली आहे. जुनी सावड येथे भागीदारीच्या रूपाने पुन्हा दिसते. फरक असा, की सावडीत बैल आधीपासून घरचे असत व एकत्र येत ते श्रम. भागीदारीत एकत्र येते ते भांडवल.

तौलनिक विचार : थोड्या अंतराची, सरळ मार्गावरची व घड्याळाशी असलेली ही स्पर्धा अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ या मोटारींच्या शर्यतीशी बरीच जुळते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण जुन्या मोटारी स्वतः दुरुस्त करून वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर पाव मैल (सु. ४०२ मी.) पळवीत. १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ या संस्थेने या खेळास नियम घालून दिले. रोजच्या वापरातली मोटार हीच शर्यतीची मोटार होती, तोवर खेळ सामान्यांच्या आवाक्यात होता. केवळ शर्यतीसाठी बनविलेली व दुसऱ्या वाहनावरून आणावी लागणारी मोटार आल्यावर हौशी स्पर्धक मागे पडू लागला. औताचा बैल व टेम्पोतून घाटावर येणारा बैल यांच्यातही हेच अंतर आहे. मात्र यंत्राला वेदना नसतात; खर्च वाढला, की तो वसूल करण्याचा ताण येथे प्रथम जनावराच्या अंगावर येतो.

समारोप : अहमदनगर जिल्ह्यात बैलगाडा शर्यत कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित झाली असली, तरी ज्या शेतीतून ती उगवली त्या शेतीशी तिचा संबंध विरळ झाला आहे. घाटाभोवती गर्दी पूर्वीपेक्षा वाढली. परंतु स्वतःचा बैल घेऊन घाटात उतरणे थोड्यांनाच परवडते. बैलाचे कल्याण व अल्पभूधारकाचा सहभाग हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. मर्यादित बक्षिसे, गावपातळीवरील तपासणीची सोय आणि देशी गाईंच्या पैदाशीस आधार मिळाल्यास हा खेळ पुन्हा जत्रेचा होऊ शकेल. अन्यथा तो मोजक्या धनिक गाडामालकांची चढाओढ बनण्याचा संभव आहे.