रुद्रवीणा : परंपरा आणि नवघडण

परंपरा म्हणजे जुन्या रीतीचे जतन, की जुन्या हेतूचे? या प्रश्नाच्या निर्णयास रुद्रवीणेचा अलीकडील इतिहास उपयोगी पडण्यासारखा आहे. होर्नबोस्टेल व झाक्स यांच्या १९१४ मधील वर्गीकरणात रुद्रवीणा आणि चीनचे गूचिन ही वाद्ये, उपवर्ग भिन्न असले तरी, एकाच झिदर-कुलात पडतात. मात्र गूचिनला प्राचीन लेखी परंपरा आहे. तिच्या स्वरलेखनात तार, स्थान व बोटांची क्रिया दिलेली असते. कालमान सहसा नसते. ते वादकाने ठरवावयाचे. म्हणजे तेथे जुनी रचना वाजविणे हीदेखील अंशतः नवरचनाच होय.

आपल्याकडे वीणेचे शिक्षण मुख्यतः मौखिक राहिले. नवता शिरली ती वाद्याच्या घडणीत. उदयपूर येथे १९२९ साली जन्मलेले झिया मोहिउद्दीन डागर मुंबईत स्थायिक झाले व पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल चालविले. ध्रुपदाचा संथ आलाप आणि सूक्ष्म मींड यांसाठी त्यांनी वीणेचे भोपळे व दांडी मोठी करून घेतली, आणि नखी वर्ज्य केली. उलट असद अली खाँ (१९३७–२०११) यांनी वीणा खांद्यावर धरण्याची व नखी वापरण्याची रीत सोडली नाही.

यांत परंपरानिष्ठ कोण? दोघेही, असेच म्हणावे लागते. एकाने रीत राखली. दुसऱ्याने कंठातील ध्रुपद तारेवर उमटावे म्हणून रीत बदलली. उच्चार पालटला तरी शब्द टिकतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही. डागर १९९० मध्ये निवर्तले. त्यांची घडण पुत्र बहाउद्दीन यांनी पुढे चालविली, आणि कालची नवघडण आज परंपरा ठरली.