आवृत्तीची नोंद : ‘पोस्टग्रेस-एस्क्यूएल’ ८.३ च्या रिलीज नोट्सचा एक अभ्यास

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे वसमत, कळमनुरी इत्यादी ठिकाणांच्या नोंदींत जिल्ह्याचे नाव बदलले. कागदी वहीत असा बदल जुन्या शब्दावर रेघ ओढून करता येतो. ‘पोस्टग्रेस-एस्क्यूएल’ या मुक्तस्रोत डेटाबेसची रीत निराळी आहे. तेथे जुनी ओळ तशीच राहते व बदललेली ओळ संपूर्णपणे नव्याने लिहिली जाते. कारण त्याच क्षणी अन्य कोणी जुनी ओळ वाचीत असण्याचा संभव असतो. या रीतीने जुन्या ओळी साचत जातात. शिवाय पूर्वी प्रत्येक नव्या ओळीसाठी सर्व इंडेक्समध्येही नोंद करावी लागे.

४ फेब्रुवारी २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ८.३ या आवृत्तीने यावर ‘हीप-ओन्ली टपल’ हा उपाय आणला. इंडेक्स असलेला एकही रकाना बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही व जुनी जागाही लवकर मोकळी होते. अर्थात, जिल्ह्याच्या रकान्यावरच इंडेक्स असेल, तर हिंगोलीच्या उदाहरणात हा लाभ मिळणार नाही. रिलीज नोट्समध्ये हा मोठा फेरफार थोडक्या शब्दांत नोंदलेला असून शेवटी पुण्याचे पवन देवळासी यांचे नाव आहे. कल्पना अनेकांच्या होत्या, हेही तेथेच नमूद केले आहे.

ही टिपणे कशी सिद्ध होतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८६ मध्ये बर्कली येथे आरंभ झालेल्या या प्रकल्पाला १९९६ मध्ये आजचे नाव मिळाले. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या आवृत्त्यांची टिपणे ब्रूस मोम्जियन यांनी संकलित केली. मागील आवृत्तीनंतरच्या सर्व फेरफारांच्या नोंदी वाचावयाच्या, वापरणाऱ्यास जाणवतील तेवढ्या निवडावयाच्या आणि त्याच्या भाषेत पुन्हा लिहावयाच्या, असा हा क्रम आहे. मसुदा नंतर इतर कार्यकर्त्यांपुढे ठेवला जातो आणि ते त्यातील चुका व उणिवा दाखवितात.

या परीक्षणाचे महत्त्व ८.३ मधील दुसऱ्या एका नोंदीवरून कळते. पूर्वी तारीख किंवा संख्या यांचे मजकुरात आपोआप रूपांतर होत असे, ८.३ ने ते बंद केले. एखाद्याने अवतरणचिन्हे विसरून १९९९-०५-०१ असे लिहिले, तर यंत्र ती वजाबाकी समजून १९९३ हे उत्तर काढी. मग तारीख व ही संख्या या दोहोंचे मजकुरात रूपांतर करून अक्षरश: तुलना होई. उत्तर चुकीचे असे, पण तक्रार उमटत नसे. नव्या आवृत्तीने अशी तुलना नाकारली. परिणामी अनेक जुने प्रोग्राम अडले व दुरुस्त करावे लागले. म्हणून ही नोंद बदलांच्या तपशीलवार यादीत न दडविता, त्या यादीपूर्वी येणाऱ्या स्थलांतराच्या प्रकरणात दिलेली आहे.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने येथेच टिपणकाराची खरी कसोटी लागते. कर्त्याला आपला पराक्रम प्रथम सांगावासा वाटतो. वापरणाऱ्यास आपले काय मोडेल, हे प्रथम कळणे आवश्यक असते. श्रेय त्या त्या व्यक्तीस द्यावे आणि इशारा वेळेवर द्यावा, ही दोन्ही कर्तव्ये जे टिपण पार पाडते, तेच पुढील अभ्यासकास विश्वसनीय साधन म्हणून उपयोगी पडते.