खाटकाच्या पिंपाचा इतिहास

मानपाडा नावाची ठिकाणं आमच्या ठाणे जिल्ह्यात दोन. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरं डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्याकडे. पाहुणे हमखास चुकतात. मी या दुसऱ्या मानपाड्याचा. सकाळी फिरायला निघालो की कोंबडीच्या दुकानांपुढे निळी पिंपं मांडलेली दिसतात. आत पिसं, आतडी, पाय, मुंडकी. थोड्या वेळानं टेम्पो येतो, दोन पोरं पिंपं उचलतात आणि रिकामी ठेवून जातात. बसची वाट पाहणारी माणसं तेवढा वेळ नाकाला रुमाल लावून दुसरीकडे बघतात. कित्येक वर्षं मीही तेच केलं.

खरं तर मी तसं करायला नको होतं. आमच्या घरात टाकाऊ या शब्दाची हद्द फार लांब होती. बोकड आला की मुंडी, पाया, वजडी, गुर्दा, सगळं चुलीवर जायचं. हाडं शिजवून शिजवून पांढरी पडायची. कातडं मीठ लावून निघून जायचं. पण शहराचा हिशेब घरापेक्षा वेगळा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अंदाजानुसार कत्तलखान्यात शेळी-मेंढीच्या जिवंत वजनाच्या 17 टक्के आणि मोठ्या जनावराच्या साडेसत्तावीस टक्के एवढा घन कचरा निघतो. म्हणजे वीस किलोच्या बोकडामागे जवळजवळ साडेतीन किलो. रोज हजारो जनावरं कापली जातात, त्या शहरात याचं काय करायचं?

मुंबईनं याचं उत्तर फार पूर्वी शोधलं. ते असं, की आपल्या वेशीबाहेर ढकलायचं. 1860च्या दशकात आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना कत्तलखाना शहरातून उठवून वांद्र्याला नेला. मांस तेवढं आगगाडीनं रोज शहरात यायचं आणि 1869 साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटात ऐटीत टांगलं जायचं. उरलेलं सगळं वांद्र्याला, खाडीच्या काठी. आणि वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतंच. ते होतं साष्टी तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. शहराचं नकोसं ते ठाण्याला, ही रीत आजची नाही!

पण जिथे कातडं, तिथे कातडं कमावणारा येतोच. खाडीपलीकडे धारावीत टॅनऱ्या उभ्या राहिल्या. तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमान मालक आले, त्यांच्यामागून तमिळ दलित कामगार आले. माझे एक मामा तिथल्या मिठाच्या गोदामात कामाला होते. ते सांगायचे, कातडं निघाल्यावर काही तासांत मीठ बसलं पाहिजे, नाहीतर केस सुटतात आणि माल गेला. त्यांच्या बोटांच्या पेरांना मिठानं भेगा पडलेल्या असत. आम्हा मुलांच्या गालावरून हात फिरवला की खरखर लागायची. त्या गोदामाविषयी मला इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकानं मामांच्या हातांएवढं सांगितलेलं नाही.

1971 साली देवनारचा 64 एकरांचा कत्तलखाना सुरू झाला आणि वांद्र्याचा बंद पडला. पुन्हा शहराची कड, शेजारी कचऱ्याचा डोंगर. धारावीतल्या टॅनऱ्याही पुढे प्रदूषणाच्या कारणानं हलल्या. आता तिथे कच्च्या कातड्याला मीठ लागतं, ते मद्रासकडे जातं आणि कमावून परत येतं, पर्स व्हायला.

या कचऱ्यातून काय काय झालं, ते सांगायला लागलो तर रात्र पुरायची नाही. सुताराचा सरस हाडा-कातड्याचा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली पडद्यावर हरिश्चंद्र आणला, त्या काळच्या फिल्मवरचा लेप जिलेटिनचा, म्हणजे तोही तिथलाच. शस्त्रक्रियेतले टाके बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याचे. आणि मधुमेहाचं इन्शुलिन? 1922 सालापासून साठ वर्षं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत होते. जीवाणूंकडून बनवलेलं इन्शुलिन बाजारात आलं ते 1982 नंतर. तोवर किती शाकाहारी माणसं कत्तलखान्याच्या जिवावर जगली असतील! आमच्या शाहिरांचा डफ आणि ढोलकी यांची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको.

आता या सगळ्या फायद्याच्या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो. हात कुणाचे? या प्रश्नाला महाराष्ट्रात जितकं थेट उत्तर मिळालं, तितकं क्वचितच कुठे मिळालं असेल. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. मेलेली ढोरं ओढणंही बंद होऊ लागलं. त्यावर हिशेबी लोक अस्वस्थ झाले. 15 ऑक्टोबर 1956च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक आठवण सांगितली. संगमनेरला एका बातमीदारानं त्यांना विचारलं होतं, की मेलेल्या गुरांच्या कातड्या-शिंगांपासून या गरिबांना वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते तुम्ही का बुडवता? बाबासाहेबांचं उत्तर असं, की मग तुम्हीच ओढा ना ही ढोरं, ते पाचशे तुम्ही घ्या, वर मी पाचशे देतो. पुढे कुणी आल्याचं ऐकिवात नाही.

वर्ध्याजवळ नालवाडीला मात्र वेगळा प्रयोग झाला. गांधीजींच्या प्रेरणेनं 1930च्या दशकात तिथे चर्मालय निघालं. गोपाळराव वाळुंजकरांनी त्यात स्वतःला घातलं. मेलेल्या जनावराचं कातडं, हाडं, मांस, चरबी, कशाचंच वाया घालवायचं नाही, आणि ते काम कुठल्याही जातीच्या माणसानं करायचं. मला त्या माणसांविषयी आदर आहे. पण गाव नालवाडीच्या मागे गेलं नाही. ढोर समाज बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडी कमावत राहिला, चांभार चपला शिवत राहिला आणि कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

उरलेल्याचा वापर डोळे मिटून केला तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. ब्रिटनमध्ये गुरांनाच गुरा-मेंढ्यांच्या अवशेषांचा चुरा चारला आणि 1986 मध्ये त्यांच्या मेंदूचा रोग उघड झाला. आपल्याकडे बंदी असलेल्या मांगूर माशाला सडलेलं मांस आणि कोंबडीची घाण घालून पोसत. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्यावर कारवाईचा हुकूम द्यावा लागला.

मध्ये आणखी एक घडलं. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. बंदीच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं, मी त्यात शिरत नाही. धारावी-कोल्हापुरात कातडं महागलं आणि दुर्मिळ झालं एवढं खरं. गंमत अशी, की याच वर्षांत बकरीच्या कातड्याची किंमत मात्र बुडाली. माझ्या तरुणपणी बकरी ईदला मदरशाची मुलं दारोदार कातडी गोळा करत. एकेका कातड्याचे दोन-अडीचशे येत, त्यावर मदरशात वर्षाचं धान्य भरलं जाई. अलीकडे एका ईदला आम्ही कातडं बांधून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कुणी आलं नाही. चौकशी केली तर म्हणाले, वीस रुपयेही येत नाहीत, मीठ आणि टेम्पोचं भाडं त्याहून जास्त. शेवटी ते कचऱ्याच्या गाडीत गेलं. कल्याणचं आधारवाडी डम्पिंग 2021 मध्ये बंद झालं, तेव्हा ती गाडी पुढे कुठे गेली ते मी विचारलं नाही. माझ्या घरातून कातडं फेकलं जाण्याची ती पहिलीच वेळ. मामा असते तर त्या रात्री जेवले नसते.

त्यानंतर एका सकाळी मी टेम्पोपाशी थांबलो. हे सगळं कुठे नेता? पोरगा म्हणाला, कारखान्यात. तिथे मोठ्या बंद भांड्यात वाफेवर शिजवतात, चरबी वेगळी होते, उरलेलं वाळवून दळतात, खाद्याला जातं. हातमोजे नाही देत? देतात की, पण पिंप घसरतं चाचा, म्हणाला. मालकाच्या नावानं तक्रार नव्हती. उशीर मात्र झाला होता.

मी निघताना हात पुढे केला. त्यानं आपले हात पाहिले, पँटला पुसले, पुन्हा पाहिले आणि मूठ वळून मनगट पुढे केलं.