पगाराची तारीख

पगार किती, यासाठी झालेले लढे इतिहासाने आवर्जून नोंदविले आहेत. पगार केव्हा, हा प्रश्न मात्र आम्ही सहसा विचारीत नाही. मुंबईच्या गिरणगावात एके काळी हा दुसरा प्रश्नही पहिल्याइतकाच जाचक होता.

महिनाभर साच्यावर राबावे आणि मजुरीसाठी पुढला अर्धा महिना ताटकळावे, हा तेथला शिरस्ता. तोवर वाण्याची उधारी वाढे, सावकाराचे व्याज चढे. म्हणजे मजूर मालकाला बिनव्याजी कर्ज देई आणि स्वतः पोटासाठी व्याजाने कर्ज काढी! शिवाय मजुरी अडकलेली असल्याने गिरणी सोडून जाणेही कठीण.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि आणखी एक मागणी होती : मजुरी पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. केवढे हे माफक मागणे! कमावलेले अधिक द्या असे नव्हे, कमावलेलेच वेळेवर द्या, एवढेच. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. तारखेला मात्र अर्धशतक लागले.

१९२६ साली सरकारने या दिरंगाईची व दंडांची चौकशी प्रांतांकडे केली. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात या प्रश्नाचा ऊहापोह केला. अखेर १९३६ चा वेतन प्रदान कायदा २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. हजाराहून कमी माणसे असतील तेथे सातव्या दिवसाच्या आत, इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार. तोही चलनी नाण्यांत वा नोटांत, मालाच्या रूपाने नव्हे. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही. तोही कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून नाही. दंडाची रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हितासाठी खर्चावयाची, आणि प्रत्येक दंड वहीत नोंदवावयाचा.

कायद्याला उणिवा होत्याच. बेकायदा कपातीबद्दल दसपटीपर्यंत भरपाई देता येई. परंतु उशिराबद्दलची भरपाई मुळात दहा रुपयांच्या वर जात नसे. ज्या दुखण्यावर औषध हवे होते, त्यावरच मात्रा सर्वांत कमी पडली. तरीही एक मोठी गोष्ट घडली. पगाराचा दिवस ही मालकाची मर्जी राहिली नाही. तो मजुराचा हक्क झाला.

२०१९ साली संसदेने वेतन संहिता संमत केली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात दिवसांच्या आत, हा दंडक तिच्यातही आहे. पण कायदा शेवटी जगतो तो हिशेबनिसाच्या टेबलावर. कपातीचा रकाना भरताना ज्याचा हात क्षणभर थबकतो, 'ही कपात कशासाठी?' असे जो स्वतःला विचारतो, तो लोखंड्यांच्या त्या अर्जाचेच काम पुढे नेत असतो. आमच्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंना आम्ही पगार कोणत्या तारखेला देतो, हेही आज घरी जाताना आम्ही स्वतःला विचारून पाहावे.