सही, शिक्का आणि निंबोळी

मावा हा शब्द मराठीत तीन ठिकाणी राहतो. पेढ्यात असला तर तोंडाला पाणी सुटतं, पानाच्या टपरीवर असला तर तोंड भरतं आणि गुलाबाच्या कळीवर असला तर तोंड सुटतं. हे सुटणारं तोंड अर्थातच शेजाऱ्यांचं असतं.

वडिवळे ही माझी सासुरवाडी. कामशेतला उतरून कुंडली नदीच्या अंगानं आत गेलं की हे मावळातलं गाव लागतं. गावाच्याच नावाचं धरण जवळ आहे; पण पावसाळ्यात आभाळ असं कोसळतं की धरण मुळात वर आकाशात बांधलं होतं आणि ते फुटलं, अशी शंका यावी. घराघरापुढे चार कुंड्या, दोन गंजके डबे आणि एक गळकी बादली, एवढी बाग असतेच. जास्वंद, झेंडू, शेवंती, गुलबक्षी, सदाफुली ही मंडळी त्यात दाटीवाटीनं, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी नांदतात. आणि एका कळीवर मावा दिसायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत पंधरा उपाय अंगणात हजर!

"जावईबापू, राख मारा राख. चुलीतली. सकाळी दव असताना," मामेसासूबाई सांगतात.

"राखेनं काय होतंय? आंबट ताक शिंपडा. पाच दिवसांचं," हे निवृत्त गुरुजी.

"हिंगाचं पाणी!"

"तंबाखू भिजत घाला." ही सूचना करणाऱ्याच्या गालात त्या औषधाचा पुरेसा साठा असतो.

"निंबोळ्या कुटा, रात्रभर भिजवा, गाळा, साबणाचा चुरा टाका आणि ऊन उतरल्यावर फवारा."

आता मी पडलो बँकेतला कारकून. बी.कॉम. होऊन खुर्चीला चिकटलो त्याला वीस वर्षं झाली. आमच्या धर्मात व्हाउचर नसेल तर साक्षात ब्रह्मदेवाच्या खात्यातही पाच रुपये जमा होत नाहीत. त्यामुळे उपाय ऐकला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"आमच्या आत्या करायच्या."

"आत्यांना कोणी सांगितलं?"

"त्यांच्या सासूबाईंनी."

"आणि सासूबाईंना?"

इथे चहा येतो आणि चौकशी संपते. मूळ व्हाउचर काही हाती लागत नाही. म्हणून म्हटलं, हे खातं आपणच मागे मागे तपासत जावं.

मागच्या पानांवर पहिल्यांदा वराहमिहिर भेटतो. सहाव्या शतकातल्या त्याच्या 'बृहत्संहिते'त झाडांच्या आजारपणाला एक स्वतंत्र अध्याय आहे. मग साधारण हजार वर्षांपूर्वीचा सुरपाल येतो. त्याचा 'वृक्षायुर्वेद' 325 श्लोकांचा. त्यात किडीवर विडंग, वेखंड, हिंग, मोहरी यांची धुरी सांगितली आहे. म्हणजे आमच्या अंगणातलं हिंगाचं पाणी फारच जुन्या घराण्यातलं निघालं! कुणपजल नावाचं खतही त्यात आहे. जनावराचं मांस, मज्जा शिजवायची, त्यात कोंडा, तिळाची पेंड, मध, भिजवलेले उडीद आणि तूप घालून मडकं मुरत ठेवायचं. झाडं यानं तरारतात. शेजाऱ्यांचं काय होतं, याबद्दल सुरपाल मौन पाळतो. सुंदर स्त्रीनं लाथ मारली की अशोक फुलतो, असंही तो नोंदवतो. हा श्लोक मी घरात वाचून दाखवलेला नाही. आमच्याकडे अशोकाचं झाड नाही, आणि कुंडीशेजारी बहुतेक वेळा मीच उभा असतो.

गंमत पुढेच आहे. या ग्रंथाचं हस्तलिखित होतं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी त्याची प्रत मिळवली, डॉ. नलिनी साधले यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि 1996 साली सिकंदराबादच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशननं ते छापलं. ठेव आपली, लॉकर ऑक्सफर्डचं आणि उघडायला शेवटी एक नेने आणि एक साधले लागले!

औषधं अशी पुराणपुरुष असली तरी कुंडीतली फुलं मात्र बरीचशी परदेशी. ज्याच्याशिवाय दसऱ्याला दार सजत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गुलछडी तिथलीच. गुलबक्षी अमेरिका खंडातली, सदाफुली मादागास्करची आणि शेवंती चीनची. झेंडूच्या एका जातीला जगभर 'आफ्रिकन' म्हणतात आणि दुसरीला 'फ्रेंच'. दोन्ही देशांशी त्याचा जन्माचा संबंध नाही. असा अर्ज आमच्या काउंटरवर आला असता तर ओळखीच्या पुराव्यापाशीच अडला असता.

पण हा पाहुणा हात हलवत आला नाही. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक ठरतात. म्हणून जाणती माणसं टोमॅटो-वांग्यांच्या वाफ्यात झेंडू लावतात. सगळ्याच पाहुण्यांबद्दल असं म्हणता येत नाही. शोभेचं फूल म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत आणलेली टणटणी कुंपण ओलांडून निघाली ती देशभरच्या रानांत पसरली.

पुण्याहून कामशेतला जाताना लोकल दापोडीला थांबते. उतरणारे उतरतात, चढणारे घुसतात. आपण एका मोठ्या बागेच्या दारातून चाललोय, हे त्या घुसळणीत कोणाच्या गावीही नसतं. 1828 साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे सरकारी वनस्पती-बाग सुरू केली. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे तिचे सुपरिंटेंडेंट झाले. 1847च्या सुमारास बागेतल्या झाडाफुलांची चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली गेली. बाग 1865 साली बंद झाली. चित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये सुखरूप आहेत. 2002 साली त्यांवर एक देखणं पुस्तकही निघालं. त्यात गव्हर्नरांचं नाव आहे, सुपरिंटेंडेंटचं आहे, रोपट्यांची लॅटिन नावं आहेत. ज्यानं पाकळी न पाकळी रंगवली तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. रक्कम पैशापर्यंत जुळते आणि खातेदार गायब!

तणाचा बंदोबस्त किडीकडून करून घेण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला, आणि तोही निव्वळ अपघातानं. ईस्ट इंडिया कंपनीला निवडुंगावर राहणाऱ्या किड्यांपासून निघणारा मौल्यवान लाल रंग हवा होता. 1795 साली ब्राझीलहून ते किडे बंगालात आणले. जात भलतीच निघाली. रंग हलका मिळाला, पण किड्यांनी निवडुंग मात्र फस्त केला. तण मारायला परदेशातून कीटक आणण्याच्या शास्त्राचा इतिहास इथून सुरू होतो. कंपनीच्या वहीत हा व्यवहार बुडीत खात्यात गेला असणार. विज्ञानाच्या वहीत तो जमेला आहे.

आपल्या कुंडीत ही नोकरी ढालकिडा करतो. लालसर पाठीवर काळे ठिपके असलेला हा इवलासा भुंगेरा दिवसभर मावा खातो. त्याची पिल्लं दिसायला भयानक, पण भूक बापापेक्षा मोठी. माव्याच्या अंगातून गोड रस पाझरतो म्हणून मुंग्या त्याला राखण देतात. म्हणजे कळीवर चोर, पहारेकरी आणि पोलीस असं पूर्ण सरकार नांदत असतं. आणि आपण जाऊन पहिल्यांदा पोलिसालाच चिरडतो!

मग पावडरींचा जमाना आला. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरनं 1939 साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधला आणि 1948 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. मलेरियाचे डास मरू लागले. लाखो जीव वाचले, हे त्या पावडरीचं पुण्य नाकारता येणार नाही. पण मग घरोघरी ढेकणांना गॅमेक्झिन, मुंग्यांना गॅमेक्झिन, गुलाबालाही गॅमेक्झिन सुरू झालं. मामी राखेची सूप बाजूला ठेवून पावडरीचा डबा आणू लागल्या. दुकानातून आणलेल्या डब्यावर छापील कागद होता ना! राखेवर काय होतं? आत्यांचं नाव, तेही तोंडी. पुढे हिशेब लागला. शेतीसाठी डी.डी.टी.वर 1989 साली बंदी आली, बी.एच.सी.वर 1997 साली. तोवर राखवाल्या आत्या निघून गेल्या होत्या.

आणि आता मूळ मुद्दा. तो निंबाचा आहे.

1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं की सगळं हिरवं फस्त झालं, पण कडुनिंबाची झाडं पानासकट उभी. 1962 साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान, जोतवाणी आदी शास्त्रज्ञांनी टोळांवर निंबोळीचे प्रयोग करून छापले. हे वाचून मामींची प्रतिक्रिया अशी झाली असती, "बाई, त्यात काय शोधायचं?"

त्यात काय शोधायचं, ते पुढे कळलं. 1990 साली अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांनी युरोपात अर्ज केला की, निंबाच्या तेलानं झाडांवरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याची पद्धत आमची. 1994 साली पेटंट मंजूर झालं. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित पक्षाच्या मागदा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची जागतिक संघटना यांनी हरकत घेतली. सारा देश म्हणत होता, "आमच्या आज्या हे पिढ्यान् पिढ्या करताहेत." खरंच होतं ते. पण कचेरी म्हणजे कचेरी. तिनं तेच विचारलं जे मी वडिवळ्याच्या अंगणात विचारतो. कोणी केलं, कधी केलं, कुठे केलं, नेमकं कसं केलं?

आणि तेव्हा पुढे आले एक फडके. निंबाचा अर्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीतले अभय फडके. त्यांनी साक्ष दिली की, 1985 आणि 1986च्या उन्हाळ्यात आपण पुणे आणि सांगली जिल्ह्यांत अशा अर्काच्या शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. अर्जाच्या आधी! साल आहे, जिल्हा आहे, पद्धत आहे. 10 मे 2000 रोजी म्युनिकमध्ये पेटंट रद्द झालं. अपील झालं, तेही 8 मार्च 2005 रोजी फेटाळलं गेलं. त्याआधी हळदीचंही असंच झालं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं 1995चं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं 1997 साली रद्द करून घेतलं, तेही 32 छापील संदर्भ पुढे ठेवून. आजीनं गुडघ्यावर दाबलेली हळदीची चिमूट त्या 32 संदर्भांत नव्हती. तिची पावती कोण फाडणार?

म्हणून मला कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं कौतुक वाटतं. माणूस गणिताचा प्राध्यापक. 1960च्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला. द्राक्षबागाईतदार असो की गच्चीवर भाजी लावणारा शहरी माणूस, प्रत्येकानं आपल्या मातीत प्रयोग करायचा, मोजायचा आणि इतरांना कळवायचा. पदवीची अट नव्हती. अट एकच, स्वतः करून पाहिलेलं सांगायचं. म्हणजे ज्ञान अंगणातलंच, फक्त त्याला तारीख पडायची. गणिताच्या माणसाला हे सुचावं, यात मला हिशेबाच्या जातीचा अभिमान वाटतो.

आज मावळात हरितगृहं उभी आहेत. फेब्रुवारीत इथले गुलाब पेट्यांत बसून परदेशी जातात. त्यांच्या प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते, नाही तर गिऱ्हाईक हात लावत नाही. आणि त्याच मावळात मामेसासूबाईंच्या डोक्यात सत्तर पावसाळ्यांचं ज्ञान आहे. मावळाच्या पावसात फवारा टिकत नाही म्हणून कोणता उपाय कोणत्या नक्षत्रात करायचा, कोणत्या किडीला राख पुरते आणि कोणतीला पुरत नाही, हे सगळं तोंडपाठ. या खात्याला ना पासबुक, ना वारस-नोंद. खातेदार गेला की खातं बंद, शिल्लक शून्य.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. घरात जे कोणी वडीलधारं माणूस कुंड्यांवर काहीबाही शिंपडत असतं, त्याच्याजवळ वही घेऊन बसा. काय घातलं, किती घातलं, कशावर मारलं, गुण आला की नाही, सगळं लिहा. गुण आला नसेल तर तेही लिहा. खर्चाची बाजू कोरी ठेवली तर ताळेबंद खोटा ठरतो. तंबाखूच्या पाण्यापुढे 'विषारी' हा शेरा लाल शाईनं मारा. वर गावाचं नाव, खाली तारीख टाका आणि सही घ्या.

सही येत नसेल तर अंगठा चालेल. राखेनं भरलेला असला तरी हरकत नाही. उलट ठसा चांगला उमटतो.